तीन मिनिटांची वाळू

“ह्याला कोणासाठीही आडवं करू नका हं, अगदी राजा आला तरी नाही!” मला या सभागृहात पोचवताना म्हाताऱ्या काचकाराने शिपायाला असं बजावलं होतं.

मित्रांनो, मी एक जुनं वाळूचं घड्याळ आहे. नगरसभेत सभापतींच्या मेजावर माझा मुक्काम. कोणी बोलायला उभं राहिलं की मला उलटं करतात. माझी वाळू खाली येईपर्यंत, म्हणजे तीन मिनिटं, त्याला कोणी अडवायचं नाही आणि वाळू संपली की त्याने गुपचूप खाली बसायचं. सगळ्यांना सारखं माप. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. रोज माझी काच पुसली जाई.

पुढे मात्र बड्या सदस्यांचं भाषण रंगलं की शिपाईकाका मला हळूच आडवं करू लागले. माझी वाळू थांबे आणि साहेबांची जीभ सुटे! नळाला पाणी नाही हे सांगायला आलेल्या बाईचं वाक्य मात्र अर्ध्यावर तुटे. मी मनातल्या मनात देवाची क्षमा मागत असे.

काल शाळेची मुलं लोकशाही पाहायला आली. सभापतीबाईंनी त्यांना सदस्यांच्या खुर्च्यांवर बसवलं आणि खऱ्या सदस्यांना वर प्रेक्षकांत धाडलं. एक मुलगी बोलायला उठली. तिचा भाऊ चाकाच्या खुर्चीत बसतो आणि वाचनालयाला आहेत सात पायऱ्या.

“मा... मा... माझा भाऊ...”

“इंजिन तापतंय वाटतं!” मागून एकजण खिदळला.

निम्मी वाळू गेली, तरी ती पहिल्याच वाक्यात. शिपाईकाकांना कळवळा आला. त्यांनी मला आडवं केलं. “बोल बाळा, सावकाश.”

ती पुढे आली आणि तिने मला पुन्हा उभं केलं.

“न... नको काका. सगळ्यांना तीन, तर मलाही तीनच.”

वर बसलेल्या बड्यांच्या माना खाली गेल्या. मग ती अडखळत, पण एकेक शब्द निवडून बोलली. “मी पुस्तक आणते. तो खाली... उन्हात थांबतो. त्याला स्वतः नि... निवडायचंय. रॅम्प बांधा.”

ती बसली, तेव्हा माझ्याकडे चिमूटभर वाळू अजून शिल्लक होती!

सगळ्या मुलांचे हात वर गेले. खिदळणाऱ्याचे तर दोन्ही.

“अरे, मत एकच असतं!” सभापतीबाई हसल्या. तेवढ्यात वरच्या बड्यांचेही हात उठले. टाळ्यांनी माझी काच थरथरली. इतक्या वर्षांनी मला पुन्हा नवं झाल्यासारखं वाटलं.

“हा ठराव खऱ्या सभेत मी मांडेन,” सभापतीबाई त्या मुलीला म्हणाल्या. “उद्या सकाळी आधी पायऱ्या मोजून येते. आणि आजपासून हे घड्याळ कोणासाठीही आडवं होणार नाही.”

मित्रांनो, माझी काच पुसायला एखादे दिवशी विसरलात तरी चालेल. पण मोठे होऊन या खुर्च्यांवर बसाल, तेव्हा मला उभं ठेवा.

आज सकाळी कार्यालय उघडायच्या आधीच सभापतीबाई आल्या. कोणाला हाक मारली नाही, गाडी मागवली नाही. खणातली मोजपट्टी पर्समध्ये टाकली, मला बोटाने हलकेच सरळ केलं आणि वाचनालयाकडे पायीच निघाल्या.