मुरमाखालच्या पायऱ्या

लष्करी तळावर कोणी वरचा साहेब येणार असला की दोन कामं न सांगता व्हायची. रस्त्याकडेच्या दगडांना चुना लागायचा आणि वाहनांच्या वर्कशॉपपुढच्या अंगणात मुरूम पडायचा. चुना दिसावा म्हणून; मुरूम, खालचं दिसू नये म्हणून. साहेब यायचे, लाल सपाट अंगण बघून मान डोलवायचे आणि निघून जायचे. मग पुन्हा इंजिनं उघडायची. सुटे भाग धुवायचा तेलकट द्रव, ज्याला सगळे नुसतं 'वॉश' म्हणत, काम झालं की अंगणातच ओतला जायचा. मुरूम काळा पडायचा. पुढच्या साहेबाची वर्दी आली की वर नवा थर.

अंगण असं चढतच गेलं. वर्कशॉपचं लोखंडी दार जमिनीला घासायला लागलं, तेव्हा अंगण खाली नेण्याऐवजी कोणीतरी दाराचीच खालची पट्टी कापून टाकली.

लहानपणी ती बाबांचा डबा घेऊन यायची तेव्हा त्या दाराशी पायऱ्या होत्या. बाबा वरच्या पायरीवर बसून जेवायचे, ती खालच्या पायरीवर बसून त्यांना शाळेतल्या गमती सांगायची. आता ती गळ्यात पाहुण्यांचं ओळखपत्र अडकवून पर्यावरण सल्लागार म्हणून आली, तर पायऱ्या कुठे दिसेनात.

"काका, इथल्या पायऱ्या काढल्या का?"

नटबोल्टकाका म्हणजे बाबांच्या जोडीचे मेकॅनिक. निवृत्तीला टेकलेले, आणि अजूनही उघड्या हातांनी वॉशमध्ये भाग बुडवणारे.

"काढतोय कोण? तू उभी आहेस ना, तिथेच आहेत. खाली." काका हसले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. "तुझे बाबा म्हणायचे, आपण निवृत्त होईपर्यंत छताला हात पोचतील."

बाबा निवृत्त झाले, पण पेन्शनची पहिली दोन वर्षंही धड बघितली नाहीत. रक्ताचा आजार. गेल्या हिवाळ्यात गेले. डॉक्टरांनी बरीच कारणं असू शकतात असं सांगितलं होतं, आणि ती स्वतःही खोटं बोलणारी नव्हती. वॉशनेच बाबा गेले असं तिने कधी कोणाला म्हटलं नाही. सिद्ध करता येणार नाही ते बोलायचं नाही, हा तिच्या कामाचा पहिला नियम होता. पण राग सिद्ध करावा लागत नाही. तो सकाळी तिच्या आधी उठायचा.

तळाला पर्यावरण व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र हवं होतं. तसा वरून आदेश होता. प्रमाणपत्रासाठी प्रणाली हवी, प्रणालीसाठी वरिष्ठांना ती आधी समजायला हवी, आणि समजली की तळप्रमुखांनी धोरणावर आणि व्याप्तीवर सही करायला हवी. व्याप्ती म्हणजे तळाचा कोणता भाग या प्रणालीत येतो, त्याचं पान. तिचं सगळं लक्ष त्या एका पानावर होतं. वर्कशॉपचं अंगण व्याप्तीत आलं तर ते खणावं लागणार, माती तपासावी लागणार, वॉश ओतणं थांबणार आणि तिथे हात घालणाऱ्या प्रत्येकाचं रक्त तपासावं लागणार. काकांचंसुद्धा. अंगण बाहेर राहिलं तर प्रमाणपत्राची चौकट फाटकावर लागेल आणि काका उद्याही बाह्या सरसावून बसतील.

उपप्रमुखांनी तिला बैठकीच्या आधीच बाजूला घेतलं. माणूस तोंडाने गोड होता. मधाचं बोट लावल्याशिवाय नाही म्हणायचा नाही.

"मॅडम, काम एक नंबर केलंय तुम्ही. फक्त ते अंगणाचं तेवढं काढून टाका."

"का?"

"अहो, जुनी गोष्ट. तिथे आपण आता बाग करतोय. आजच साहेबांच्या हस्ते पहिलं रोप. बाग झाली की अंगण राहिलंच कुठे? रोगही नाही आणि रोगीही नाही."

"रोगी आहेत," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुमचे वडील इथेच होते, नाही का? वाईट झालं. पण एक सांगू? घरचं दुःख कामाच्या कागदात उतरवू नये. लोक म्हणतात, बाई भावनेच्या भरात बोलतेय."

तिने कागद उचलले आणि सभागृहाकडे वळली. उत्तर दिलं असतं तर ओरडली असती, आणि ओरडली असती तर त्यांचंच खरं झालं असतं.

सभागृह गार होतं. लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, पडद्यावर तिचं पहिलं पान. तळप्रमुख मध्ये बसले होते. उंच, कमी बोलणारे, चष्मा कपाळावर चढवून ऐकणारे. त्यांच्या एका बाजूला उपप्रमुख, दुसऱ्या बाजूला वैद्यकीय अधिकारी, पुढे दारूगोळ्याचे, रसदीचे आणि बांधकामाचे प्रमुख.

"प्रणाली हा शब्द मोठा आहे, गोष्ट साधी आहे," तिने सुरुवात केली. "आपण रोज काय करतो, त्यातून जमिनीत, पाण्यात, हवेत काय जातं, आणि ते रोखायची जबाबदारी कोणाच्या नावावर आहे. हे तीन प्रश्न. उत्तरं लिहायची, त्याप्रमाणे वागायचं, वागतोय का ते तपासायचं आणि चुकलं की सुधारायचं."

"म्हणजे आता तोफ डागायच्या आधी झाडाची परवानगी घ्यायची?" दारूगोळ्याचे प्रमुख म्हणाले. टेबल हसलं.

"झाडाची नको. तोफ धुतलेलं पाणी कुठे जातं, तेवढं माहीत असलं तरी पुरे."

"गटारात जातं. पाणी आणखी कुठे जाणार?"

"आणि गटार?"

ते बांधकाम प्रमुखांकडे वळले. बांधकाम प्रमुखांनी रसदीच्या प्रमुखांकडे पाहिलं. रसदीच्या प्रमुखांनी पाण्याची बाटली उघडली.

"हाच तो तिसरा प्रश्न," ती म्हणाली. "कोणाच्या नावावर."

या वेळी कोणी हसलं नाही, पण कोणाला टोचलंही नाही. ती पानामागून पान पुढे नेत राहिली. इंधनसाठा, कचरा, वीज, आवाज. मान डोलत होत्या. वर्कशॉपच्या अंगणाचं पान आलं तसे उपप्रमुख खाकरले.

"साहेब, हा भाग आपण बंद करतोय. व्याप्तीत घ्यायची गरज नाही."

"बंद करून खालचं जात नाही," ती म्हणाली. "आणि तिथे आज सकाळीही भाग धुतलेत. मी पाहिलेत."

"त्यातून आजार होतो असं सिद्ध झालंय का?" तळप्रमुखांनी वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारलं.

"तसं थेट म्हणता येणार नाही, सर. आपण कधी तपासलेलंच नाही."

"बघा," उपप्रमुख म्हणाले, जणू न तपासणं हाच निर्दोष असल्याचा पुरावा होता.

तळप्रमुखांनी घड्याळ पाहिलं. "बरं, यावर नंतर बोलू. रोप लावून घेऊ आधी."

सगळे चालत वर्कशॉपकडे गेले. दगडांचा चुना अजून ओला होता. अंगणात कालचाच मुरूम, रोलर फिरवून शाळेच्या पाटीसारखा सपाट केलेला. दारापुढेच रोपासाठी खड्डा. माळ्याने तो आदल्या दिवशीच खणून ठेवला होता, आणि खणताना काळं लागलं म्हणून, इथल्या रीतीप्रमाणे, तळाशी लाल मुरूम पसरून तो देखणा केला होता. दांड्याला फीत बांधलेलं फावडं होतं. झारी घासूनपुसून चकचकीत केली होती. वर्कशॉपचे लोक दाराशी रांगेत उभे होते. काका कडेला, हात मागे धरून.

या तळावरची माणसं पृष्ठभागात इतकी तरबेज झाली होती की मुरमाखाली काय आहे हे त्यांचं त्यांनाच आठवेनासं झालं होतं. नाहीतर सगळं आवार सोडून तिथेच खड्डा खणायची बुद्धी कोणाला झाली असती?

तळप्रमुखांनी रोप ठेवलं, दोन फावडी माती लोटली. टाळ्या. मग त्यांनी झारी तिरकी केली.

पाणी आत गेलं आणि बराच वेळ जिरलंच नाही. मग ते वर यायला लागलं, पण पाण्याच्या रंगाचं नाही. आधी निळीजांभळी साय फिरली, मागून काळं आलं. रोप एका अंगाला कललं. काळं काठावरून वाहिलं आणि तळप्रमुखांच्या आरशासारख्या बुटांखाली गेलं.

आणि वास आला.

उपप्रमुखांनी रुमाल नाकाला लावला. दारूगोळ्याचे प्रमुख दोन पावलं मागे सरले. ती हलली नाही. संध्याकाळी फाटक वाजायचं, बाबा चपला काढायचे, ती पळत जाऊन त्यांच्या पोटाला मिठी मारायची. तेव्हा हाच वास यायचा. तो बाबांचा वास आहे असंच तिला वाटायचं. कितीतरी वर्षं तिला तो आवडायचा. तिच्या लहानपणातली सगळ्यात जवळची गोष्ट यांच्या गटारातून आली होती!

"रोप हलवा," उपप्रमुख माळ्यावर खेकसले. "तिकडे, कुंपणापाशी घ्या. आणि यावर मुरूम टाका दोन पाट्या. चला, चला!"

पाटी खरोखरच उचलली गेली. तेव्हा तिने फीत बांधलेलं फावडं हातात घेतलं.

"मॅडम, अहो..."

तिने खणायला सुरुवात केली. लाल थर निघाला, खाली काळा. पुन्हा लाल, पुन्हा काळा. हातांवर उडालं, कपड्यांवर उडालं. कोणी पुढे आलं नाही. बाईच्या हातातून फावडं कसं हिसकावायचं, हे कोणत्याच नियमात लिहिलेलं नसावं. तिचा श्वास फुलला तरी ती थांबली नाही. शेवटी फावडं दगडावर खणकन वाजलं. तिने गुडघ्यावर बसून हाताने काळा चिखल बाजूला सारला.

"पायरी," ती म्हणाली. "वरची. माझे बाबा इथे बसून जेवायचे. खालच्या पायऱ्या अजून खाली आहेत, साहेब. आता सांगा, हे व्याप्तीत बसतं की नाही?"

तळप्रमुख खड्ड्याकडे बघत राहिले. मग रांगेकडे. "तुमचे हात दाखवा," ते काकांना म्हणाले.

काकांनी मागचे हात पुढे केले. कातडी भेगाळून झाडाच्या सालीसारखी झाली होती.

"कधीपासून?"

"आता काय सांगू साहेब. लग्नाच्या आधीपासून."

तळप्रमुखांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "ते पान आणा."

"सर, पुढच्या आठवड्यात पाहणी आहे," उपप्रमुख हळूच म्हणाले. "खड्डा असा उघडा..."

"असाच राहू दे. आणि आजपासून इथे कोणी हात बुडवणार नाही. डॉक्टर, सगळ्यांचं रक्त उद्या."

तिथेच, एका गाडीच्या बॉनेटवर पान ठेवून, अंगण व्याप्तीत आलं. त्यांनी सही केली, टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं.

लोक तिला शाबास म्हणत होते. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि तिला मात्र आत काहीतरी फाडून टाकावंसं वाटत होतं. एवढंच होतं? पेनाचं टोपण काढायचं आणि लावायचं, एवढ्यानं होणार होतं? मग बाबांच्या हयातीत एकाचंही पेन का चाललं नाही? हे काम अवघड असतं तर तिने त्यांना माफ केलं असतं.

ती घरी पोचली तेव्हा आई भाजी निवडत बसली होती. आईने मान वर केली, थांबली, आणि एकदम उठून तिचे हात धरले. नाकाशी नेले.

"त्यांचाच वास गं," आई म्हणाली. डोळे भरून आले तरी ती हसत होती. "मी किती ओरडायचे त्यांना. काळे हात घेऊन घरात पाऊल टाकायचं नाही म्हणायचे. बिचारे तिकडेच त्या वॉशने कोपरापर्यंत घासघासून यायचे. एक दिवस चुकले नाहीत."

त्या रोजच्या घासण्याने काय झालं असेल, ते आईला कधीही कळू द्यायचं नाही, हे तिने त्याच क्षणी ठरवलं. आणि हे गिळावं लागतंय म्हणून तिला त्या लांब टेबलाभोवतीच्या प्रत्येक माणसाचा, सही करणाऱ्याचासुद्धा, इतका राग आला की डोळ्यांपुढे अंधारलं.

"धुऊ नकोस इतक्यात," आईने हात गालाला लावून धरला होता. "थोडा वेळ राहू दे."

तिने हात सोडवून घेतला. मोरीत गेली, नळ पूर्ण सोडला आणि साबण कोपरापर्यंत फासला.

"अगं, एवढ्या जोरात काय घासतेस?" आई दारातून म्हणाली. "कातडी निघेल."

ती घासत राहिली.