सोडलेला दोरा

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कापड कापणारी नव्हे, द्राक्षांचे घड उतरवणारी. निफाडच्या लोहाराने मला घडवले आणि हरिभाऊंनी जयपूरला आणले.

हरिभाऊ बँकेतून निवृत्त झाले. सोबतच्यांनी सी-स्कीमसारख्या शहरातल्या महागड्या वस्तीत फ्लॅट घेतले. यांनी बगरूच्या वाटेवर जमिनीचा तुकडा घेतला, चार ओळी वेली लावल्या आणि रीतसर परवाना काढून पांढरी वाइन करू लागले. घड पिकले तरी ते तोडत नसत. उन्हाच्या झळांत मणी सुरकुतू देत, गोडवा आत आटू देत आणि पावसाच्या तोंडावर एका सकाळी तोडत. वर्षाला जेमतेम चाळीस बाटल्या! लोक हसले की म्हणत, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. ते आपलं काम नाही."

जानेवारीत छाटणी झाली की ते माझ्या पात्यांना लाल दोरा बांधून मला खिळ्यावर टांगत. तोडणीच्या दिवशी दोरा त्यांनीच सोडायचा. त्या सकाळी माझा तोरा काय वर्णावा!

त्यांची लेक तनया कॉलेजात शिकवते. "बाबा, मला कधी शिकवणार?" ती विचारी. "तुला सुट्टी मिळू दे," ते म्हणत. असे बरेच उन्हाळे गेले.

गेल्या वर्षी मे महिन्यात हरिभाऊ दवाखान्यात दाखल झाले. डॉक्टरांनी आशा सोडली होती. तनया एकटीच मळ्यात आली. तिने सुरकुतू लागलेले मणी पाहिले. बाबांची मेहनत सडून चालली, असे तिला वाटले. माझा दोरा तिला खंडेनवमीच्या पूजेचा वाटला. तिने तो सोडून कपाळाला लावला आणि दुपारपर्यंत एकूण एक घड उतरवला. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. धार होती, म्हणून मी कापत गेले.

संध्याकाळी द्राक्षांच्या पिशवीतून मीही दवाखान्यात गेले.

"बाबा, एकही घड वाया नाही जाऊ दिला. मतलब, थोडे सुकायला लागले होते, म्हणून सगळेच काढले."

हरिभाऊंनी आधी माझ्याकडे पाहिले. "दोरा?"

"पूजेचा होता ना? तुळशीत ठेवलाय."

त्यांनी माझी रिकामी पाती बोटाने चाचपली. मग एक मणी तोंडात टाकून म्हणाले, "गोड आहेत गं. सगळ्यांना वाट."

तिने अख्ख्या वॉर्डात द्राक्षे वाटली. इतके खूश मी तिला कधी पाहिले नव्हते. चौथ्या दिवशी हरिभाऊ गेले.

पुढे बाबांची खोली आवरताना तिला वाइनच्या जुन्या बाटल्या सापडल्या. प्रत्येकीवर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी होती. ती अडखळत वाचू लागली: 'दोरा सोडला, वीस जून.' 'दोरा सोडला, तेवीस जून.' तिसरी वाचताना दोरा म्हणजे काय ते तिला कळले आणि ती मला उराशी धरून रडली.

मित्रांनो, मला गंज चढला तरी चालेल, पण जाणत्या माणसाला विचारायचे राहू देऊ नका. आणि जाणत्यांनो, सुट्टीची वाट पाहू नका.

तनयाने तुळशीतला तोच दोरा पुन्हा मला बांधला आहे. यंदा वेलींना थोडे घड लागलेत. ती रोज येते, मला हातात घेते आणि परत टांगते. चिठ्ठ्यांत तारखा आहेत, पण मण्यांची खूण नाही; दोरा कधी सोडायचा, ते तिला कोण सांगणार?