माइक, हेडफोन आणि गाडीची जागा

विद्याधर कर्णिकांना त्या रविवारी मिळण्यासारखं एकच होतं: बिल्डिंगखाली, पत्र्याच्या छपरात, एका गाडीची जागा. पण मुलुंडात जागा म्हणजे जागा. त्यांची गाडी इतकी वर्षं रस्त्यावर जांभळाखाली उभी होती, की तिचा मूळ रंग आता फक्त आरसी बुकात उरला होता. दावेदार दोघे, कर्णिक आणि तिसऱ्या मजल्यावरचा हर्षद. ज्याचं म्हणणं सोसायटीच्या सभेला पटेल, त्याला जागा. सभा ऑनलाइन, कारण अध्यक्ष नाना मुलीकडे नाशिकला.

कर्णिकांनी भाषण आरशासमोर बसवलं होतं. लॅपटॉपसमोर मात्र ते बसेना.

लॅपटॉपचा स्पीकर कधीच गेला होता, म्हणून कानाला हेडफोन. हेडफोन लावला की लॅपटॉप आपला आतला माइक बंद करी आणि हेडफोनचा माइक शोधत बसे. त्या हेडफोनला माइकच नव्हता. हेडफोन काढला, की सभेला कर्णिक ऐकू येत. कर्णिकांना सभा नाही.

"ऑडिओ ड्रायव्हर गंडलाय, बाबा," त्यांची मुलगी सई म्हणाली.

"मग काढून परत टाक ना."

"टाकला. दोनदा."

"त्याला सांग, आतला माइक घे म्हणून."

"आतला माइक यादीतच दाखवत नाहीये रे. तू हेडफोन काढ आणि सरळ बोलून टाक."

"आणि हर्षद काय बोलतोय ते कसं कळणार? त्याचे मुद्दे खोडायचेत मला."

स्वयंपाकघरातून नलिनीताई म्हणाल्या, "गुणी यंत्र आहे. मी लग्नापासून सांगतेय, एका वेळी एकच करा."

सईने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. तो जागा होईपर्यंत हर्षद सासऱ्यांच्या गुडघेदुखीवर बोलून मोकळाही झाला होता.

"कर्णिक, तुमचं काय म्हणणं?" नाना विचारत होते.

कर्णिक जीव तोडून बोलले. पडद्यावर नुसते ओठ हलले. लिहून कळवावं, तर चॅट नानांनी बंद ठेवलेलं. लोक सभेत फुलांसकट सुप्रभात पाठवायचे. फोन लावावा, तर नाना सभाच फोनवरून चालवत होते. हेडफोन काढावा, तर हर्षदचं उत्तर चुकणार.

"कर्णिकांची हरकत दिसत नाही," नाना म्हणाले. "जागा हर्षदला. पुढचा विषय, सेक्रेटरी."

यावर मात्र सगळ्यांचेच माइक बिघडल्यासारखे झाले.

"कर्णिककाकांना करा ना," शेवटी हर्षद म्हणाला. "शांत माणूस आहे."

कर्णिकांनी घाईघाईने दोन्ही हात कपाळाशी जोडले. बाबांनो, मला माफ करा. पण आपल्याकडे हात सुटका मागतानाही जोडतात आणि निवडून आल्यावरही. सभेने सोयीचा अर्थ घेतला.

"आभारी आहोत, कर्णिक. एकमताने," नाना म्हणाले. टाळ्या हेडफोनमध्ये अगदी स्वच्छ ऐकू आल्या.

कर्णिकांनी हेडफोन उपटला. "अहो, मी नाही म्हणतोय." माइक उत्तम चालला, सभा तेवढी संपली होती.

तर जागा हर्षदला गेली, पद कर्णिकांना आलं, आणि ड्रायव्हर पुढच्या आठवड्यात आपणहून अपडेट होऊन शहाण्यासारखा वागू लागला. किंमत मोजली ती नलिनीताईंनी. सेक्रेटरी दिवसभर ऑफिसात, तक्रारींची बेल घरी, दार उघडायला त्या. पहिली बेल हर्षदची होती: छप्पर गळतंय, गाडी भिजते.