कोल्ड क्रीमचा वास येणारा हातमोजा

मित्रांनो, माझ्या आत नाक घालून पाहाल तर तुम्हाला चामड्याऐवजी कोल्ड क्रीमचा वास येईल. हसायचे असेल तर खुशाल हसा, बेलपोर्ट गावातले सगळे खेळाडू हसून झालेले आहेत. मी बेसबॉलचा एक जुना हातमोजा आहे. स्वभावाने भित्रा आहे, हेही आधीच सांगून टाकतो.

गाईचे चामडे कापून, शिवून आणि वाद्या ओवून मला घडवले. नवा होतो तेव्हा मी इतका ताठ होतो की मिटता मिटत नसे. हार्लन टिबेट्सने मला विकत आणले, माझ्या पोटात चेंडू ठेवला, वरून सुतळीने करकचून आवळले आणि मला गादीखाली घालून वर तो झोपला. आमच्याकडे हातमोज्याचे बारसे असेच होते. काही दिवसांत मी त्याच्या तळव्याच्या आकाराचा झालो.

हार्लन पहिल्या बेसवर, म्हणजे फलंदाजाने धावत गाठायच्या पहिल्या थांब्यावर, उभा राहायचा. मैदानात कुणीही चेंडू अडवला की तो आमच्याकडे फेकायचा. धावत येणारा फलंदाज बेसवर पाय ठेवायच्या आत, हार्लनचा पाय बेसला टेकलेला असताना, चेंडू माझ्यात आला की तो बाद. टप्पा पडून खालून येणारे चेंडू तर आम्ही असे उचलायचो की मागच्या रांगेतले म्हातारे हातातले सॉसेज-पाव बाजूला ठेवून टाळ्या वाजवायचे. काय दिवस होते ते!

मग हार्लनचे गुडघे गेले. एका सामन्यात खाली आलेला चेंडू माझ्या खालून निसटला आणि आम्ही हरलो. वाकले नव्हते ते गुडघे, पण लोकांच्या शिव्या माझ्याही वाट्याला आल्या. "त्याच्यापेक्षा माझ्या घरची कढई लाव हाताला!" असे कुणीतरी ओरडले. तेव्हापासून चेंडू येताना दिसला की मी अंग चोरून घेई.

हार्लनला संघातून काढणार हे उघड होते. एवढ्यात एकोणीसशे त्र्याहत्तर साल उजाडले आणि नवा नियम आला. चेंडू फेकणाऱ्या पिचरला बहुधा बॅट धरता येत नाही, म्हणून त्याच्याऐवजी दुसऱ्या एकाने फक्त फलंदाजी करायची. त्याने मैदानात उतरायचे नाही, चेंडू अडवायचे नाहीत, आपली पाळी येईपर्यंत बाकावर बसायचे. ती जागा हार्लनला मिळाली. म्हणजे हातमोजा न लागणारा खेळाडू! मला वाईट वाटायला हवे होते. खरे सांगतो, मला हायसे वाटले. मी अडगळीच्या कपाटात पडून आरामात वाळत राहिलो.

पण हार्लनला ते काम मानवले नाही. अर्धा अर्धा तास बाकावर बसायचे आणि एकदम उठून बॅट फिरवायची, तोवर अंग थंड आणि डोके त्याहून थंड. चेंडूवर चेंडू हुकू लागले. वर सोबत्यांची चेष्टा होतीच. "हार्लन, उशी आणू का रे?" असे पिचर क्लेटन रोज विचारी. शेवटी संघाचे जुने गुरू, ज्यांना सगळे वस्ताद म्हणत, त्यांनी त्याला बाजूला घेतले.

"हार्लन, रविवारपर्यंत बघतो. त्यानंतर दुसरा माणूस आणावा लागेल मला."

हे तो घरी येऊन बायकोला, वर्नाला सांगत होता, तेव्हा मी कपाटात सगळे ऐकत होतो. वर्ना बटाटे सोलत होती.

"बाकावर कसा बसतोस माहितेय का तू?" ती म्हणाली. "दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखा. तुझं लक्षच नसतं खेळात."

"मग काय करू? मी अर्धाच खेळाडू आहे आता."

"अर्धा कसला? जेवतोस तर पूर्ण. तो हातमोजा कुठाय तुझा?"

"त्याचं काय काम?"

"हातात घालून बस. मैदानात असल्यासारखा प्रत्येक चेंडूला तयार राहा."

तिने मला कपाटातून काढले. मी वाळून कडक झालो होतो, कडांना भेगा पडल्या होत्या. घरात चामड्याचे तेल नव्हते, म्हणून तिने आपल्या कोल्ड क्रीमची बरणी उघडली आणि बोटांनी मला चोळ चोळ चोळले. इतके मऊ मला कधीच वाटले नव्हते. मात्र त्या वासाने दुसऱ्या दिवशी बाकावर गहजब झाला.

"अरे, कुणाची आजी येऊन बसलीय का इथे?" क्लेटन म्हणाला.

 हार्लन मात्र प्रत्येक चेंडूला माझ्यात मूठ आपटत राहिला, पुढे झुकत राहिला, बसल्या जागी पाय हलवत राहिला. अंग गरम राहिले, डोळे चेंडूवर राहिले आणि बॅटही लागू लागली. रविवारी तर त्याने असा फटका मारला की बेसवर थांबलेले दोघे धावत फेरी पूर्ण करून आले आणि आम्ही एका धावेने पुढे गेलो. आता पाहुण्या संघाची फक्त शेवटची पाळी उरली होती. वर्ना कठड्यामागे उभी राहून नखे खात होती.

आणि तेव्हाच घोटाळा झाला. पहिल्या बेसवरच्या रुडीच्या बोटावर चेंडू आदळला आणि तो कळवळत बाहेर आला. वस्तादांनी वळून बाकाकडे पाहिले. त्यांना काय दिसले? हार्लन, आणि त्याच्या हातात मी. इतक्या वर्षांची सवय! "हार्लन, जा पहिल्या बेसवर!" असे ओरडून त्यांनी अंपायरलाही तसे सांगून टाकले. हार्लनही सवयीने उठून चालू लागला.

पाहुण्यांचा गुरू हसत हसत बाहेर आला.

"वा! फक्त फलंदाजी करणारा मैदानात उतरला की ती सोय संपली. आता तुमच्या पिचरनंच बॅट धरायची, नियम आहे!"

अंपायरने मान डोलावली. वस्तादांनी टोपी काढून जमिनीवर आपटली. धावा बरोबरीत आल्या असत्या तर पुढे रुडीच्या जागी क्लेटनला फलंदाजी करावी लागणार होती. तो वस्तादांकडे धावत आला.

"वस्ताद, मी शाळेनंतर बॅटला हात नाही लावला हो!"

"मग बरोबरी होऊच देऊ नकोस!"

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! मी हातात दिसलो म्हणून हे सगळे झाले होते. चेंडू सुटला तर हार्लनची जागा गेलीच, आणि ती माझ्यामुळे. मी मनातल्या मनात सारखा म्हणत होतो, इकडे नको येऊ, इकडे नको येऊ.

दोन गडी बाद झाले, एकच बाकी होता. पाहुण्यांचा एक जण तिसऱ्या बेसवर टपून बसला होता; चेंडू सुटला की तो धावत येऊन बरोबरी करणार. फलंदाजाने चेंडू जमिनीवरून मारला, आमच्या गड्याने तो अडवला आणि घाईघाईत पहिल्या बेसकडे फेकला. चेंडू आधीच जमिनीवर पडला. टप्पा घेऊन येऊ लागला. अगदी त्या हरलेल्या सामन्यातल्यासारखाच चेंडू.

हार्लनने गुडघे वाकवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. मागचा पाय बेसला टेकवून ठेवला आणि झाड पडावे तसा तो पुढे आडवा झाला. चेंडू माझ्या बोटांच्या टोकाशी आला. मी मिटलो. कपाटातल्यासारखा कडक असतो तर मिटताच आले नसते. त्या क्रीमने मला मिटवले. धूळ खाली बसली तेव्हा चेंडू माझ्यात होता आणि अंपायरचा हात 'बाद' म्हणून वर गेला होता.

सर्वांत आधी क्लेटन धावत आला. त्याने हार्लनला नाही, मला घट्ट धरले आणि माझा मुका घेतला. "आजी, वाचवलंस गं!" तो म्हणाला. हार्लन मातीत पडल्या पडल्या हसत होता, कारण त्याला उठताच येत नव्हते. दोघांनी मिळून त्याला उभे केले.

वस्ताद टोपी झटकत आले. "हार्लन, पुन्हा त्या बेसच्या जवळ फिरकलास तर तंगडी मोडीन."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्यापासून परत बाकावर. तुझी जागा तिथेच आहे. आणि हा वासाचा मोजा घेऊन बसायचं!"

हार्लनने इतका मोठा सुस्कारा सोडला की तो मला तळव्यातून जाणवला. माझाही जीव भांड्यात पडला. लोकांना वाटते की जुन्यांना जुनी जागा परत मिळाली की आनंद होतो. आम्हाला आनंद झाला तो बाकावर परत जायचे म्हणून.

त्या संध्याकाळी वर्नाने तीच बरणी उघडली. आधी मला चोळले, मग उरलेले क्रीम हार्लनच्या गुडघ्यांना लावले. "अर्धा खेळाडू म्हणे," ती पुटपुटली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी, काहीतरी कपाटात किंवा बाकावर असेलच. त्याला रोज मैदानात ओढू नका, आम्हाला तेवढी हौस नाही. पण त्याला वाळू देऊ नका. अधूनमधून हातात घ्या, थोडे चोळा. वास कसलाही असला तरी चालतो.