चोविसावा कोपरा

माझ्या सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकातून जे कार्ड निघालं, ते माझ्याकडे कधीच नव्हतं. तिथूनच माझ्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली.

वडील पुस्तकांचे बायंडर होते. त्यांना जाऊन आठ महिने झाले, आणि आता घरही विकलं गेलं. खाली त्यांचं कामाचं टेबल, वर दोन खोल्या, त्यावर माळा. नव्या मालकाला किल्ली संध्याकाळी द्यायची होती. किल्ली ताईकडे, कारण शेवटची सहा वर्षं बाबांचं सगळं तिनेच केलं. ती चार वाजता येणार होती. तोवर मी शेजाऱ्यांकडची जादा किल्ली घेऊन माळा उपसायचा, म्हणजे आमची समोरासमोर गाठ जेमतेम दहा मिनिटांची. हे वेळापत्रक तिनेच ठरवलं होतं आणि माझ्या बायकोमार्फत मला कळवलं होतं. गेली चार वर्षं ती माझ्याशी बायकोमार्फतच बोलते.

माळ्यावर सुतळीने बांधलेली सहा पुस्तकं मिळाली. भाषा, गणित, भूगोल, सगळी माझी. वर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी. ते प्रत्येक कामाला अशी चिठ्ठी बांधायचे, काय करायचं ते लिहून. हिच्यावर लिहिलं होतं, "धाकट्याची. वार्षिक परीक्षा झाल्यावर कोपरे सोडवणे."

कोपरे कशाला सोडवायचे? कोपरे घट्ट राहावेत म्हणूनच तर त्यांच्यावर कापड चढवतात. बायंडिंगच्या घरात वाढून मला एवढं तरी कळतं. मी इतिहासाचं पुस्तक हातात घेतलं. तीन कोपरे बाबांचे, चाकूने कापल्यासारखे नेटके. चौथ्याचं कापड मात्र ओबडधोबड बसलेलं आणि खळ वाळून सुटलेलं. नखाने उचकटलं, तर आत काडेपेटीएवढं कार्ड. हिरवी जर्सी घातलेला गोलकीपर आडवा झेपावलेला, आणि खाली आकडा, चोवीस.

मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

आमच्या लहानपणी गोळ्यांच्या पाकिटात फुटबॉलपटूंची कार्डं यायची. एकूण चोवीस. सगळी जमवून कंपनीला पाठवली की खरा चामडी फुटबॉल मिळणार. कंपनी काय खुळी होती? चोवीस नंबर त्यांनी छापलाच मुळी चिमूटभर. माझ्याकडे तेवीस होती. चोविसाव्यासाठी मी दात किडेपर्यंत गोळ्या खाल्ल्या. आणि एके दिवशी ती तेवीसच्या तेवीस नाहीशी झाली.

घेतली ताईने, यात मला तिळमात्र शंका नव्हती. आदल्याच दिवशी ती म्हणाली होती, "हा कचरा टेबलावर परत दिसला तर बंबात घालीन." ती पंधराची, मी अकराचा. मी वरच्या खिडकीत उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलो, "माझी बहीण चोर आहे!" तिच्या शाळेच्या मैत्रिणी तेव्हा खाली उभ्या होत्या.

पुढे मी त्याचा विनोद केला. तिच्या लग्नात भावजींना म्हटलं, "कपाटाला कुलूप लावत जा हं." चार वर्षांपूर्वी तिच्या मुलाच्या लग्नात तोच विनोद व्याह्यांसमोर केला. लोक हसले. ताई कधीच हसली नाही, आणि त्या दिवसापासून तिने माझ्याशी बोलणंच टाकलं. मी म्हटलं, खोड जाते पण तोरा जात नाही. आणि सांगायला लाज वाटते, पण माझी नोकरी दुकानदारांचे वजनकाटे तपासायची. पुराव्याशिवाय कोणाला खोटं ठरवायचं नाही, हे मी नव्या लोकांना शिकवतो.

ऑफिसात एक कारकून आहे, जुनी कार्डं जमवणारा. त्याला फोटो पाठवला. मिनिटाच्या आत त्याचा फोन.

"साहेब, त्याला हात लावू नका. श्वाससुद्धा लांबून घ्या. अशी तीन कार्डं ठाऊक आहेत, हे चौथं! कुठे मिळालं?"

"माझ्या इतिहासाच्या पुस्तकात."

"आणि तिथे कुणी ठेवलं?"

"तेच तर कळत नाहीये रे बाबा," असं म्हणून मी फोन ठेवला.

मग मला राहवलं नाही. गठ्ठा घेऊन खाली गेलो, बाबांच्या टेबलावरची सुरी घेतली आणि उरलेले कोपरे फाडायला लागलो. कार्ड. पुन्हा कार्ड. भूगोलात चार, गणितात चार. ही मात्र माझी होती. मागे पेन्सिलची बरोबरची खूण, जी मी प्रत्येक कार्डावर करायचो. चोवीस नंबरवर खूण नव्हती. म्हणजे माझी कार्डं चोरीला गेली, ती माझ्याच पुस्तकांत लपवली गेली, ती पुस्तकं मी वर्षभर पाठीवर वागवली, आणि चोराने वर एक जास्तीचं कार्ड ठेवलं? चोर कधी भर घालून जातो का? आणि बाबांनी चिठ्ठी का लिहिली? बाबा चोर? ताई चोर? का मीच झोपेत उठून बायंडिंग करत होतो?

"बाबांचं काम असं उसवतात?"

ताई दारात उभी. चार वाजले होते. हातात किल्ली, आणि नजर माझ्या हातातल्या सुरीवर.

चार वर्षांत माझ्याशी थेट बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. मी गोलकीपर तिच्यासमोर धरला. तिने चष्मा लावला, कार्ड पाहिलं आणि बाबांच्या स्टुलावर बसली.

"सापडलं होय तुला," ती म्हणाली.

"ताई, मला काहीही कळत नाहीये. पहिल्यापासून सांग."

तिने आधी सुरी माझ्याकडून काढून घेतली. मग भाषेचं पुस्तक ओढलं, कोपऱ्यावर ओला बोळा दाबून धरला आणि बाबांच्या टेबलावरच्या, घडी दाबायच्या हाडाच्या पट्टीने कापड अलगद उचललं. बोलताना तिने एकदाही वर पाहिलं नाही.

"तू दप्तर फेकायचास. दर वर्षी पुस्तकांचे कोपरे चेंदायचे. म्हणून त्या वर्षी बाबा म्हणाले, याच्या कोपऱ्यांत जाड काहीतरी घालतो. तुझी कार्डं तू कुठे टाकली होतीस?"

"टेबलावर."

"टेबलावर कुठे?"

मला एकदम आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. "पुठ्ठ्याच्या कातरणांच्या ढिगावर."

"बाबांना जाड कागद म्हणजे जाड कागद. त्यावर कोण लाथ मारतोय ते त्यांनी बघितलंच नाही. सहा पुस्तकं, चोवीस कोपरे, तेवीस कार्डं. एक कोपरा उरला, तो मला भरायला सांगितला. तेवढ्यात तू बोंबा मारत आलास, तेव्हा त्यांना कळलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, 'आत्ता सांगितलं तर हा सगळी पुस्तकं फाडेल. वर्ष होऊ दे, मी सोडवून देतो.' तरी मी तुला सांगायला जिना चढून आले. तर तू खिडकीत."

"म्हणजे तू ऐकलंस?"

"गल्लीने ऐकलं. मी नाही ऐकणार?"

पट्टी थांबली. पुढचा कोपरा.

"मग मी बाबांना म्हटलं, आता वर्ष झाल्यावरही सांगायचं नाही. त्याच्या तोंडून आधी निघू दे, ताई मी चुकलो. काखेत कळसा घेऊन हिंड म्हणावं गावभर. बाबा हो म्हणाले आणि त्यांच्या कामात विसरले."

"आणि हा गोलकीपर? हा माझा नव्हता."

तिने बोळा पिळला. बाहेर कुणीतरी शटर ओढलं.

"तुझा वाढदिवस होता ना त्या आठवड्यात," ती म्हणाली. "माझ्या वर्गातल्या एका मुलीकडे होता. देईना. शेवटी रंगपेटीवर तयार झाली."

रंगपेटी! ताई चित्रं काढायची. चांगली काढायची. त्या वर्षी तिची रंगपेटी हरवली, निष्काळजी म्हणून तिने आईची बोलणी खाल्ली, आणि मग चित्रं सुटली ती सुटलीच. त्या बोलण्यांत मीही हौसेने भर घातली होती.

"खिशात होता," ती म्हणाली. "तू तसा ओरडल्यावर द्यावासा वाटेना. टाकवेना पण. मग दुसऱ्या दिवशी त्या उरलेल्या कोपऱ्यात घातला. रागात घाईने चिकटवला, म्हणून कापड नीट बसलं नाही."

फोन वाजला. कारकून. मी बंद केला. कार्ड तिच्यापुढे सरकवलं. "हे तुझं आहे."

"माझं कसं? वाढदिवसाची वस्तू आहे ती. बेचाळीस वर्षं उशीर झाला एवढंच."

मला रडू आलं, आणि मला रडता चांगलं येत नाही, नाकच वाहतं. मी म्हटलं, "ताई, मी चुकलो."

"ऐकू नाही आलं."

"मी चुकलो, ताई."

"ओरडला होतास त्याच्या निम्मंसुद्धा नाही हे." आणि तिने पुढचा कोपरा ओला केला. गंमत करत होती की खरंच म्हणत होती, मला आजही सांगता यायचं नाही.

मी उठलो. जिना चढलो. वरची खिडकी फुगली होती, खांद्याने ढकलून उघडली. खाली गल्ली तीच, माणसं सगळी नवीन. मी चौपन्नाव्या वर्षी, धुळीने माखलेल्या अंगाने, बाहेर वाकून जीव खाऊन ओरडलो, "माझी बहीण चोर नाही! ऐकलं का? माझी ताई चोर नाही!"

समोरच्या दुकानातली दोन गिऱ्हाइकं बाहेर आली. एक कुत्रा भुंकला. पार्सलवाल्याने सायकल थांबवली आणि वर पाहिलं.

"काय झालं काका? काय चोरीला गेलंय?"

मागे जिन्यावर पावलं वाजली. ताई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, खळीने चिकट झालेला हात माझ्या खांद्यावर ठेवून बाहेर वाकली.

"काही नाही हो," ती खाली ओरडली. "सापडलं सगळं."