रान माजलेलं घर

त्या गल्लीत चौदा घरं, चौदाही एकाच साच्यातली. तेरा घरांपुढे चकचकीत फरशी आणि एका घरापुढे रान. ते रान लेकीच्या डोळ्यांत खुपत होतं. सात महिन्यांपूर्वी आई गेली तेव्हाच मधुमालतीनं फाटक गिळून टाकलं होतं. पुढे जास्वंद खिडकीवर चढली, गवत गुडघ्याला आलं. गेल्या आठवड्यात बाबा त्यातल्याच एका मुळीला अडखळून पडले. हाड वाचलं, पण कपाळाला चार टाके पडले. लेकीनं त्याच दिवशी फरशीवाल्याला फोन लावला.

खरं तर आईनंच शेवटची दोन वर्षं कात्री हातात घेतली नव्हती. एरवी एक फांदी वाकडी गेली तरी तिचा जीव वरखाली व्हायचा. लेकीला वाटलं, आजारानं थकली बिचारी. एकदा सुट्टीत आली असताना ती स्वतःच छाटायला निघाली, तर आई केवढी खेकसली! "हात लावू नकोस. राहू दे तसंच, कामाचं आहे ते." रानाचं कसलं आलंय काम? आजारी माणसाशी हुज्जत नको म्हणून लेकीनं कात्री खाली ठेवली. विचारायला हवं होतं. पण आपल्याला प्रश्न सुचतात तेच मुळी उत्तर देणारं माणूस गेल्यावर.

बाबांच्या डोक्यातून सगळं निसटत चाललं होतं. साल, नावं, आत्ताच जेवलो की नाही तेही. पण नऊला फिरायला निघायचे ते साडेदहाच्या ठोक्याला घरी. डॉक्टरसुद्धा तोंडात बोट घालायचे. फाटकातूनच हाक यायची, "आलो गं!" मग घरात लेकीला बघून हसायचे, "ठमे, आई कुठंय तुझी?" लहानपणी एकदा बसली की ढिम्म हलायची नाही, म्हणून ती ठमी. अजून एवढं एक नाव शाबूत होतं.

बाबा पायात यायला नकोत म्हणून तिनं फरशीवाल्याला नऊचीच वेळ दिली. चार माणसं, माती उकरायचं छोटं मशीन आणि तोडलेलं भरून न्यायला ट्रॉली. अंगण तरी केवढं, सहा ढांगांचं. कोयते चालले, मधुमालती जाळ्यासारखी ओढून काढली, जास्वंदीचा बुंधा मशीननं दाताखालचा खडा काढावा तसा उचकटला.

"मुळं ठेवून चालत नाही, ताई," फरशीवाला दोरी ताणत म्हणाला. "वर्षात फरशी उचलतात. आज सपाट करतो, उद्या मुरूम टाकून ठोकून घेऊ."

साडेदहाला अंगण तळहातासारखं झालं. लेक कमरेवर हात ठेवून बघत होती. बरं वाटलं तिला, अगदी मोकळं.

बाबा आले. फाटकापाशी क्षणभर रेंगाळले आणि पुढे गेले. थट्टेची खोड जुनीच, म्हणून लेक हसली. ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले, वळले, एकेका फाटकातून आत डोकावत परत आले. आता तिचं हसू मावळलं.

"बाबा, अहो, इकडे!"

ते आदबीनं थांबले. घामानं टाके चमकत होते.

"बाई, इथं एक घर होतं हो. रान माजलेलं. बघितलंत कुठं?"

"हेच की, बाबा. मी ठमी."

"नाही, नाही. बायकोनं बजावून सांगितलंय मला. म्हणाली, सगळी घरं सारखी झाली तरी घाबरायचं नाही. जिथं रान दिसेल तिथं वळायचं. मी आहे आत."

कामाचं आहे म्हणाली होती आई. हे काम. लेकीनं ट्रॉलीकडे धाव घेतली, मधुमालतीचा मोठा भारा ओढून फाटकावर टाकला. फरशीवाला बघतच राहिला.

"हे बघा, बाबा. हेच ना?"

बाबांनी पानं चाचपली. लोंबणारी फांदी उलटी करून तुटलेलं टोक बघितलं.

"हे तोडलेलं आहे, बाई," ते समजुतीनं म्हणाले. "आमचं उभं होतं. येतो मी, ती वाट बघत असेल."

तिला हंबरडा फोडावासा वाटला. तिनं त्यांचा हात हातात घेतला.

"थांबा, मीही येते," ती म्हणाली, आणि स्वतःच्या घराकडे पाठ करून बापाबरोबर घर शोधायला निघाली.