दुसऱ्या अंकातला उमराव

कोटाच्या खिशात माणसं काय काय विसरतात: बडीशेप, पार्किंगची पावती, मुलाचा पडलेला दात, परक्या बाईचा फोन नंबर.

शुगर लँड, दिवाळी पॉटलकची यादी, २००५. देवस्थळी: मसालेभात. ठोंबरे: पेपर प्लेट्स आणि बर्फ. २००४: तेच. २००३: तेच.

वाफेची इस्त्री लोकरीवर टेकवायची नसते. वरून फिरवायची.

फ्रान्समधलं तीनशे वर्षांहून जुनं एक प्रहसन. कापडाच्या धंद्यात वर आलेला माणूस उमराव व्हायला निघतो. नाचाचा मास्तर ठेवतो, तलवारीचा ठेवतो. सगळे त्याच्याकडे जेवतात आणि त्यालाच हसतात. हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत असतं.

*

प्रल्हाद ठोंबरे मूळचा अकोल्याचा. शुगर लँडमध्ये त्याची ड्राय-क्लीनिंगची दोन दुकानं. मराठी मंडळातल्या डॉक्टरांचे कोट आणि इंजिनिअरांच्या बायकांच्या पैठण्या त्याच्याकडेच यायच्या. कुणाच्या पदराला कसला डाग पडलाय हे त्याला ठाऊक होतं. पण पंधरा वर्षांत त्यातल्या एकानेही त्याला घरी जेवायला बोलावलं नव्हतं.

म्हणून २००६ च्या ऑगस्टमध्ये डॉक्टर अरुण देवस्थळींचा फोन आला तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं. मंडळाचं नाटक डॉक्टरच बसवत. या वर्षी त्यांनी ते फ्रेंच प्रहसन मराठीत आणलं होतं.

"मुख्य भूमिका तू करायचीस, प्रल्हाद. दुसरं कुणी शोभणारच नाही."

तालमी डॉक्टरांच्या दिवाणखान्यात. प्रल्हाद प्रथमच त्या घरात पुढच्या दाराने गेला, कांचनवहिनींच्या हातचं जेवला. संवाद अगदी मनापासून म्हणायचा. तोंड उघडायचा अवकाश, सगळे पोट धरून हसायचे. आपण जन्मजात नट आहोत हे पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं, असं तो बायकोला, प्रतिमाला, दोनदा म्हणाला.

*

प्रयोगाआधीच्या मंगळवारी डॉक्टरांचा करडा कोट दुकानात आला.

दुकानाचा नियम असा: खिसे रिकामे करायचे, निघेल ते लिफाफ्यात घालून कोटाच्या चिठ्ठीला स्टेपल करायचं, वाचायचं नाही. नियम त्यानेच घातलेला. पण घडी घातलेल्या त्या कागदावर, वरच, त्याचं नाव होतं.

प्रल्हादला काही शिकवू नका. अभिनय करायला लागला तर मजा जाईल. आहे तसाच सोडा.

आपले कपडे धुतं कोण, याचाच डॉक्टरांना विसर पडला होता.

*

"जाऊ नका," प्रतिमा म्हणाली. "पाय मुरगळला म्हणून सांगा."

"अगं, तिकिटं विकली गेलीत."

"मग? चारशे माणसं हसणार तुम्हाला. मी नाही बघू शकत ते."

सावनी बारावीत. शाळेत फ्रेंच शिकत होती, मूळ नाटक तिने वाचलं होतं. ती दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, आय थॉट यू न्यू."

"काय?"

"दॅट ही इज द जोक. मला वाटलं, यू वेअर बीइंग ब्रेव्ह."

*

शनिवार, दुपारी तीन. शाळेचं सभागृह. तिसऱ्या घंटेआधी प्रल्हादने इस्त्री केलेला कोट डॉक्टरांच्या हाती दिला. लिफाफा चिठ्ठीला तसाच.

"अरे, आज कशाला घेऊन आलास! सोमवारी नेला असता की." डॉक्टरांनी न बघताच कोट विंगेतल्या खुंटीला अडकवला.

पहिल्या अंकात प्रल्हादने अभिनय केला. डोळे मोठे केले, आवाज चढवला, हसू येईल अशा जागा घेतल्या. कुणी हसलं नाही. कुणाचा तरी पेजर वाजला. मागच्या रांगेतलं एक मूल "मम्मी, इज इट ओव्हर?" म्हणालं, तेवढ्यालाच काय ते हसू.

मध्यंतरात डॉक्टर धावत आले. "काय चाललंय तुझं? तालमीत करायचास तसं कर ना यार!"

"तालमीत मी काय करत होतो, डॉक्टर?"

"म्हणजे... सहज होतं ते."

"लिहून द्या. खिशात ठेवतो."

डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं, मग खुंटीकडे. लिफाफा उघडताना ते पाठमोरे होते. कान लाल होत गेलेले प्रल्हादला दिसले.

"डायरेक्टरच्या नोट्स असतात रे त्या. पर्सनली घेऊ नकोस."

"नाही घेत. हा घेतो." त्याने झगझगीत झगा बाजूला टाकला आणि डॉक्टरांचा कोट अंगात चढवला.

*

दुसरा अंक. संवाद लिहिले होते तेच. फक्त उमराव होऊ बघणारा तो माणूस आता चष्मा काढून टायच्या टोकाने पुसत होता, दोन बोटं वर करून थांबत होता, समोरच्याकडे न बघताच त्याचा खांदा थोपटत होता. दोन महिने डॉक्टरांच्या टेबलाशी बसून जेवताना प्रल्हादने हे सगळं बघून ठेवलं होतं.

आधी मागच्या रांगांत खसखस पिकली. मग सभागृह फुटलं. लोक खुर्च्यांचे हात बडवू लागले. पहिल्या रांगेत कांचनवहिनी मांडीवरची कार्यक्रमपत्रिका वाचत होत्या, एकच पान, पुन्हापुन्हा. विंगेत शर्टावर उभे असलेले डॉक्टर हसत होते, कारण ते हसतात का, हे सगळे बघत होते. ते हसू प्रल्हादच्या ओळखीचं होतं. काउंटरमागे पंधरा वर्षं तो स्वतः तसंच हसत आला होता.

इथे थांबावं, असं त्याला वाटलं. त्याने आणखी एकदा खांदा थोपटला.

*

पडदा पडल्यावर माणसं त्याच्यावर तुटून पडली. पुढच्या शनिवारी दोन घरी जेवायची आमंत्रणं आली. खजिनदारांनी कमिटीत नाव घातलं ते विचारल्याशिवायच.

डॉक्टरांनी हात पुढे केला. "उत्तम केलंत," म्हणाले. कोट घडी घालून स्वतःच्या काखेत धरला. "हा आता दुसरीकडे धुवायला टाकेन म्हणतो."

गाडीत सावनी मागे बसली. म्हणाली, "बाबा, अरुणकाका वॉज ट्राइंग नॉट टू क्राय."

प्रल्हादने आरसा सारखा केला. मग प्रतिमाला विचारलं, "कसा झाला दुसरा अंक?"

"छान," ती म्हणाली.

"लोक उभे राहून हसले."

"हो ना."

दुसऱ्या अंकाची घंटा झाली तेव्हा प्रतिमा पार्किंगमध्ये होती, गाडीत, काचा वर करून.